वेलंकणीला केलेला गोटा

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळातली माणसं प्रसन्न केळुसकरला पूजेला बोलवायची ती जरा जीव मुठीत धरूनच. हा यायचा, शिरा दोनदा मागून घ्यायचा आणि खाता खाता मुहूर्तामागे कसलंही शास्त्र कसं नसतं हे भटजींच्या देखत सगळ्यांना समजावून द्यायचा. पेशाने तो ब्रेकचा इंजिनियर. गाडी थांबते ती ब्रेकमुळे, डॅशबोर्डवरच्या गणपतीमुळे नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. दर गणेशोत्सवात त्याचं एक भाषण असायचं, 'श्रद्धा की नुसती सवय?' लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे आणि मग आरतीला उभे राहायचे. आरतीत झांजा मात्र प्रसन्नच वाजवायचा. ताल त्याच्याइतका पक्का दुसऱ्या कुणाचा नव्हता.

असा हा माणूस जानेवारीत भारतात जाऊन आला आणि सोमवारी ऑफिसात उगवला तो डोक्याचा चकोट करून.

रामेश्वरमला काहीतरी खाल्लेलं बाधलं होतं, त्यामुळे गालफडं बसली होती. जेट लॅगमुळे डोळ्यांखाली काळं आलं होतं. भुवया शाबूत होत्या, पण तेवढं निरखून बघतो कोण? कॉफी मशीनपाशी चाललेल्या गप्पा तो येताच थांबल्या. थोड्या वेळाने मॅनेजर ब्रायनने त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"प्रसन्न, तुला हवा तेवढा वेळ घे," ब्रायन हलक्या आवाजात म्हणाला. "काम कुठे पळून जात नाही."

प्रसन्नला वाटलं, हा जेट लॅगबद्दल बोलतोय. "थँक्स," तो म्हणाला. "पहिल्यांदा त्रास होतो, पण मला आता सवय झालीय. दोन-चार दिवसांत ठीक होईन."

ब्रायनचे डोळे भरून आले. त्याने प्रसन्नचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. जेट लॅगचं या माणसाला एवढं काय वाटतं, याचा विचार करत प्रसन्न जागेवर येऊन बसला. दुपारपर्यंत त्याच्या सगळ्या मीटिंग्ज कॅन्सल झाल्या होत्या. मग कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: चकोट बघून लोकांना वाटतंय, याची केमोथेरपी चालू आहे.

लगेच उठून खरं सांगून टाकावं, तर खरं सांगणंच अवघड होतं.

त्याचं असं झालं होतं. सप्टेंबरात नंदाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, छातीत एक गाठ हाताला लागली. बायॉप्सी ठरली. नंदाने बजावलं, "यातलं मंडळात कुणाला काही कळता कामा नये. मला कुणाची कीव नको." प्रसन्नने शब्द दिला आणि पाळला. बायॉप्सीच्या दिवशी तिला आत नेल्यावर तो बाहेर बसला होता. हॉस्पिटल कॅथलिक लोकांचं होतं, त्यामुळे समोरच्या भिंतीवर मेरीची तसबीर होती. निळा पदर घेतलेली, मान किंचित कलती. प्रसन्न फोनवर ऑफिसचे मेल बघत होता. बघता बघता अक्षरं धूसर झाली. घरच्या देवाला साकडं घालावं तर कुठल्या तोंडाने? आयुष्यभर त्याच्याशी भांडण मांडलेलं. या बाईशी मात्र आजवर कधी वाद झाला नव्हता. तो मनातल्या मनात पण स्वच्छ मराठीत म्हणाला, "हिला काही होऊ देऊ नकोस. माझे केस घे." केसच का, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. द्यायला दुसरं काही सुचलंच नाही.

गाठ साधी निघाली. प्रसन्नने सुटकेचा निःश्वास टाकला आणि आपण काय बोलून बसलो ते आठवून त्याचे कान तापले.

नंदाचं सगळं उघड होतं. ती तिरुपतीला नवस बोलली होती आणि तसं तिने त्याला तोंडावर सांगितलंही. "तू येऊ नकोस हवं तर. मी जाणार." प्रसन्न म्हणाला, "येतो. पण पर्यटक म्हणून." तिरुपती, कांचीपुरम, रामेश्वरम असा बेत ठरला. त्यात शेजारच्या मॉरीनने एक थांबा वाढवला. मॉरीन एकटी राहणारी म्हातारी, आठवड्यातून तीनदा चर्चला जाणारी, दोन्ही गुडघ्यांनी बेजार. तिच्या चर्चमधल्या एका मल्याळी नर्सने तिला वेलंकणीच्या मेरीमातेबद्दल सांगितलं होतं. "तिथलं थोडं पाणी आणाल का?" तिने विचारलं. नंदा माहीमची. लहानपणी मोतमावलीच्या, म्हणजे मेरीच्याच, जत्रेला दरवर्षी जाऊन मेणबत्ती लावलेली. ती आनंदाने हो म्हणाली.

तिरुपतीला प्रसन्नने आपला बाणा सोडला नाही. रांगेत नंदाला धक्के बसू नयेत म्हणून तो दोन्ही हात पसरून तिच्यामागे उभा राहिला, आणि तशाच अवस्थेत तिला ऐकवत राहिला की इथले केस जगभरच्या गंगावनांच्या धंद्यात जातात. गाभाऱ्यासमोर क्षणभर उभं राहायला मिळालं, तेव्हा नंदाने हात जोडले आणि याने छताच्या कोरीवकामाकडे पाहिलं. बाहेर आल्यावर नंदा म्हणाली, "तेवढे हात जोडले असतेस तर झिजले नसते." तो म्हणाला, "गर्दीत हात वर येईनात."

वेलंकणी समुद्राकाठी. पांढरंशुभ्र चर्च आणि बाहेर दुकानांची रांग. दुकानांत मेणाची घरं, मेणाची बाळं, मेणाचे हात-पाय. परदेशचा व्हिसा हवा असलेल्यांसाठी मेणाचं विमानसुद्धा. कुंकू लावलेल्या, गजरे माळलेल्या बायका नारळ घेऊन मातेच्या दर्शनाला चालल्या होत्या आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आत मातेला जरीची साडी नेसवलेली. प्रसन्न ती साडी बघत होता, मग त्याची नजर चेहऱ्यावर गेली. मान किंचित कलती. ओळखीचं माणूस भलत्या गावी, वेगळ्या कपड्यांत भेटावं, तसा तो चपापला.

"मॉरीनचं पाणी घेऊन येतो," असं नंदाला सांगून तो गेला. चर्चजवळच केस उतरवून देणाऱ्यांची शेड होती. न्हाव्याने एक शब्दही विचारला नाही. परतला तेव्हा एका हातात पाण्याची निळी बाटली होती आणि डोक्यावर चंदनाचा लेप.

नंदा बघतच राहिली. "अरे! तिरुपतीला साधे हात जोडवत नव्हते, आणि इथे हे?"

"उकडत होतं," प्रसन्न म्हणाला.

"जानेवारीत?"

"ह्युमिडिटी किती आहे बघ."

नंदाने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

आता हे सगळं ब्रायनला काय सांगणार, आणि कुठून सुरुवात करणार? नवस म्हटलं तर कुणासाठी ते आलं, आणि कुणासाठी ते सांगायचं नाही असा शब्द दिलेला. प्रसन्न गप्प बसला. लोक मात्र बसले नाहीत. आठवड्याच्या आत मंडळात बातमी पसरली आणि दारात डबे यायला लागले. मऊ भात, मुगाचं कढण, दुधीची बिनतिखटाची भाजी. नंदाने फोनवर दोघीतिघींना खुलासा केला, "अगं, काही नाही झालेलं. उकडत होतं म्हणून काढले म्हणे." पलीकडून नुसतं "हो गं, हो" यायचं आणि दुसऱ्या दिवशी डबा आणखी मोठा यायचा.

शनिवारी मंडळाचा अध्यक्ष विनय आला. प्रसन्नचा जुना मित्र, कॉलेजपासूनचा. सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "प्रसन्न, मला परका समजलास?"

नंदा वर आंघोळीला गेली होती. प्रसन्नने ठरवलं, याला तरी सांगून टाकू. "विनय, ऐक. मी आजारी नाही. मी नवस बोललो होतो. तो फेडला."

विनय आधी हसला. मग त्याचा चेहरा कसनुसा झाला. "नवस. आणि तू. यार, या अवस्थेतही तुला विनोद सुचतो."

"अरे, खरं सांगतोय! एक गाठ होती. घाबरलो आणि बोलून गेलो. साधी निघाली."

त्या सगळ्या बोलण्यातून विनयने एकच शब्द उचलला. "म्हणजे गाठ होती," तो पुटपुटला.

"माझी नव्हती!"

"मग कुणाची?"

प्रसन्नने तोंड उघडलं, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या दिशेने पाहिलं आणि तोंड मिटलं. विनय उठला आणि त्याला मिठी मारून कितीतरी वेळ पाठीवर थोपटत राहिला.

फेब्रुवारीच्या हळदीकुंकवाला मंडळाने हॉल घेतला होता. तिळगूळ वाटून झाल्यावर विनय माइकपाशी गेला आणि म्हणाला, "आपल्यातल्या एका लढवय्यासाठी आज आपण सगळे मिळून महामृत्युंजयाचा जप करणार आहोत." प्रसन्नला पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची दिली होती. खांद्यावर कुणीतरी शाल टाकली. तो ताडकन उठला. "थांबा, मला काहीही झालेलं नाही!"

हॉलमध्ये कडाडून टाळ्या पडल्या. मागच्या बाजूला एक काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, मन किती खंबीर आहे!"

प्रसन्न खाली बसला. अख्खा हॉल डोळे मिटून त्याच्या आयुष्यासाठी जप करत होता. वर्षानुवर्षं त्याने ज्यांना सांगितलं होतं की मंत्राने काही होत नाही, तीच ही माणसं. त्यांनी त्याच्या भाषणांवर एवढा गाढ विश्वास ठेवला होता, की तो नवस बोलू शकेल हे त्यांना स्वप्नातही खरं वाटेना. त्यापेक्षा कॅन्सर पटण्यासारखा होता. जप मध्येच लयीतून घसरायला लागला. प्रसन्नला ते सहन होईना आणि नकळत त्याची बोटं मांडीवर ताल धरायला लागली. जप पुन्हा सुरळीत झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरपूर बर्फ पडलं होतं. खिडकीतून पाहतो तर मॉरीन! दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून ती त्याच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसत होती. एक फावडं मारलं की कमरेवर हात ठेवून कण्हायची, मग पुढचं. प्रसन्न कोट न घालताच धावत बाहेर गेला.

"आत जा!" ती ओरडली. "तुझ्यासारख्या माणसाला थंडी बाधेल."

शरमेने तो अर्धमेला झाला. मंडळाचं एक वेळ ठीक, पण या म्हातारीच्या गुडघ्यांपुढे त्याचा धीर सुटला. तिथेच, बर्फात उभ्या उभ्या, त्याने तिला सगळं सांगितलं. नंदाची गाठ, हॉस्पिटलची भिंत, तसबीर, केस. दिलेला शब्द मोडला, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

मॉरीनने शांतपणे ऐकून घेतलं. "ओह," ती म्हणाली. "मग बरोबर आहे."

"तुला विचित्र नाही वाटत?"

"यात विचित्र काय? माझा भाऊ चांगला व्हावा म्हणून माझी आई वर्षभर गोड खात नव्हती." मग तिने विचारलं, "तू नेमकं काय म्हणालास तिला?"

प्रसन्नने सांगितलं. ते दोन वाक्यांत संपलं.

"छान," मॉरीन म्हणाली. "लांबण लावली नाहीस."

"तुझ्या गुडघ्यांना काही फरक?" त्याने भीत भीत विचारलं. "त्या पाण्याने?"

"अजिबात नाही," ती खुशीत म्हणाली. "पण बाटली सुंदर आहे. खिडकीत ठेवलीय." तिने फावडं त्याच्या हातात दिलं. "तू धडधाकट आहेस ना? मग तुझं झालं की माझ्याही ड्राइव्हवेचं कर."

दोन्ही घरांचं बर्फ उपसून झालं तेव्हा प्रसन्नचे खांदे भरून आले होते आणि मन मात्र किती दिवसांनी हलकं झालं होतं.

संध्याकाळी नंदा बाहेरून आली. कोट अडकवला, ओट्यापाशी येऊन उभी राहिली. प्रसन्न चहा टाकत होता.

"मॉरीन भेटली होती," ती म्हणाली. "तिला वाटलं मला माहीत आहे."

प्रसन्न गाळणं शोधू लागला. ते त्याच्या हातातच होतं.

"मी आत होते तेव्हा?"

"हो."

"आणि मला वाटत होतं, तू मेल बघत बसला असशील."

"मेलही बघत होतो."

नंदा हसली. हसता हसता तिचा आवाज भलतीकडेच गेला. तिने पाठ वळवून नळ सोडला आणि हात धुतले, पुन्हा धुतले. "मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तू मला चिडवलं असतंस."

"जन्मभर," नंदा म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात जपाच्या वेळी डोळे पुसणाऱ्या काकू उभ्या होत्या, हातात डबा. "खिचडी आहे, तूप जरा सढळ हाताने घातलंय," त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या. "कसे आहेत गं ते?"

प्रसन्नने आतून पाहिलं. आता नंदा सगळं सांगणार. त्याने ओटा घट्ट धरला.

नंदाने डबा घेतला, मान किंचित कलती केली आणि चेहरा जराही न हलवता म्हणाली, "आज बरं आहे त्यांना. उठून चहा केला."

"देव पावला हो!" काकू म्हणाल्या आणि वर बघत हात जोडून बर्फातून गाडीकडे गेल्या.

खिचडी गरम होती. दोघांनी त्याच डब्यातून खाल्ली.