वाढलेली रेस आणि जाळ्याची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा मी शुभ्र पांढरी होते. आता माझ्या पत्र्याच्या खाचांत जिताडा माशाचे खवले चिकटून बसले आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे.

उरणजवळच्या खाडीकाठी राहणाऱ्या कमळाकर आणि जनी या कोळी नवराबायकोने मला घरी आणले. पहाटे बंदरावर मासळी भरायची आणि ती पनवेलच्या बाजारात जनीच्या ओट्यापाशी उतरवायची, हे माझे काम. कमळाकर मला चालवतो, जनी शेजारी बसते आणि माझे इंजिन तिच्याच सीटखाली आहे. त्यामुळे माझी तब्येत सगळ्यांत आधी जनीला कळते. गाडी उभी असताना इंजिन मंद आणि एकसारखे थरथरत राहायला हवे. "झोपलेल्या पोरावानी सास घेते," असे ती कौतुकाने म्हणायची.

कमळाकरला एक सवय होती. काही तुटले की तो जाळे शिवायचा नायलॉनचा दोरा काढत असे. माझा आरसा, दाराची मूठ, फाटलेली सीट, सगळे त्याने त्याच दोऱ्याने बांधले. त्याची गाठ कधी सुटली नाही. म्हणूनच इंजिनापासून ब्रेककडे जाणारी रबरी नळी चिरली, तेव्हा तिच्यावरही त्याने दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि विसरून गेला.

काही दिवसांनी माझी रेस वाढली. ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाही इंजिन घोंघावू लागले. ब्रेक दगडासारखा कडक झाला. मला कुठे दुखते ते कळत होते, पण सांगता येत नव्हते. गॅरेजवाल्या दयारामने हवेची झडप साफ केली, एक सेन्सर बदलला, पण फरक पडला नाही. एकदा तर बाजारात मी थांबता थांबता पुढे सरकले आणि बर्फाची पेटी उलटवली. पेटीमागे गंगाबाई मासळी विकत बसली होती. ती थोडक्यात वाचली.

"उद्या कुनाचा पाय जाईल," कमळाकर म्हणाला. "रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू."

मी गेले की जनीचा ओटाही जाणार होता. डोक्यावर पाटी घेऊन इतक्या लांब जायला तिचे गुडघे तयार नव्हते.

रविवारी त्यांची लेक भाविका घरी आली. ती तळोज्याच्या एका कारखान्यात नळ्यांची गळती शोधण्याचे काम करते. तिने माझा आवाज ऐकला, ब्रेक दाबून पाहिला आणि विचारले, "आये, ब्रेक कधीपासून कडक झाला?"

"रेस वाढली तवापासून. दोनी एकदमच."

"मग आजार दोन नसतील. एकच असेल."

मित्रांनो, ब्रेक हलका लागावा म्हणून माझे इंजिन त्या नळीतून हवा ओढत असते. नळी फुटली की ब्रेकला पुरेशी ओढ मिळत नाही आणि इंजिनात मात्र जादा हवा शिरते. जादा हवा शिरली की रेस वाढते.

भाविकाने सीट उचलली, साबणाचा दाट फेस केला आणि कारखान्यात करते तसा नळ्यांवर लावून बुडबुडे शोधू लागली. एकही बुडबुडा आला नाही.

"घास, घास. टोप समजलीस काय गो तिला?" कमळाकर हसला.

ती थांबली. मग स्वतःशीच हसली. "चुकलं माझं. आमच्या नळ्यांतली हवा बाहेर येते. ही तर आत ओढते. बुडबुडा येईलच कसा? फेस गायब कुठे होतो ते बघायला हवं."

तिने पुन्हा फेस लावला. दोऱ्याच्या गाठीवरचा फेस सुर्रकन आत गेला आणि माझे घोंघावणे क्षणभर खाली उतरले. तिने गाठीच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, नळी पक्कडीने दाबून धरली. मी शांत झाले.

कमळाकर वाकून पाहत राहिला. "माजी गाठ हाय ती. सुटली नाय अजून."

"सुटली नाही, बाबा. पण तुमची गाठ जाळ्याची. जाळ्यातून पाणी जायलाच हवं. नळीच्या चिरेतून हवा आत जाऊन कसं चालेल?"

कमळाकर स्वतः पनवेलला जाऊन नवी नळी घेऊन आला. भाविकाने ती दोन पट्ट्यांनी घट्ट आवळली. ब्रेक लोण्यासारखा दबला. इतक्यात दारात भंगारवाल्याचा टेम्पो येऊन थांबला.

जनी पदर खोचत बाहेर आली. "गाडी नाय मिलणार रे. च्या हाय, पिऊन जा."

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिच्या तक्रारी एकमेकींशेजारी ठेवून पाहा. पुष्कळदा त्यांचे मूळ एकाच ठिकाणी सापडते.

माझा आरसा अजून जाळ्याच्या दोऱ्यानेच बांधलेला आहे, आणि तो दिमाखात हलतो. सोमवारी मी बाजारात ओट्यापाशी उभी राहिले. जनी सीटवर बसूनच होती. तिने विचारले, "बंद केलीस काय गाडी?"

"नाय," कमळाकर म्हणाला. "चालू हाय."