मुहिंबीची ओळ

"अराली, मुसिझी लावा म्हटलं तर मुसिझीच लावा," काबाहुमाबाई चौथ्यांदा म्हणाल्या.

दोन जंगलांमधली उजाड पट्टी चिंपांझींसाठी पुन्हा झाडांनी भरायची, हे त्यांचं काम. रोपं जगवायची, हे माझं. वर्षानं कंपालाहून काम बघायला पाहुणे येणार, त्यांना डोक्याएवढी झाडं दिसायला हवीत. मुसिझी भराभर वाढतं. मला लावायचं होतं ते मुहिंबीचं झाड म्हणजे गोगलगायच. पण माझा जीव काही थाऱ्यावर येईना. रोपांमधून मी नुसत्या येरझाऱ्या घालत होतो.

"मुसिझीची फळं खातात ना ते?"

"खातात. पण जेवले तिथंच झोपतील असं नाही, बाई."

त्यांना पटेना, म्हणून संध्याकाळी मी त्यांना जंगलात नेलं. कळप मुसिझीवर पोटभर जेवला, आणि उजेड असतानाच उठून पार चढावरच्या एकुलत्या एका मुहिंबीकडे गेला. फांद्या वाकवून, दुमडून अंथरुणं झाली. बाईंनी मोजली, एका झाडात सात. एक आई पिल्लाला पोटाशी धरून जागा शोधत हिंडली, आणि शेवटी खालच्या झुडपात टेकली.

"बाकीची मुहिंबी गेली कुठं?"

हा प्रश्न मी जन्मभर चुकवत आलो होतो.

"मी मारली. विशीत होतो. महोगनीला ऊन मिळावं म्हणून जंगलखात्याच्या साहेबांचा हुकूम होता, मुहिंबी म्हणजे तण. खोडाला कुऱ्हाडीनं कडं पाडायचं, त्यात विष ओतायचं. हा अख्खा चढ माझ्या हातचा. हे एक तेवढं नजरेतून सुटलं."

"बागोंझा," त्या म्हणाल्या. वडीलधाऱ्याला 'अराली'सारखं लाडनाव सोडून नुसत्या नावानं आमच्याकडे कुणी हाक मारत नाही, भांडणातसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी येऊन पाहतो तर मुसिझीची अर्धी रोपं बाजूला काढून मुहिंबीला जागा केलेली. पाहुण्यांना काय सांगणार, मी विचारलं. बुटकी झाडं दाखवीन आणि शिव्या खाईन, म्हणाल्या. मग त्यांनीच हळूच विचारलं, "झोपण्याजोगं व्हायला किती वर्षं?"

"पन्नास. साठही लागतील."

माझं वय त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कुदळ उचलली.

घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, आज मुहिंबीची एक ओळ लावली. तिला माझं सगळं माहीत.

"केवढी आहेत?"

मी वीत करून दाखवली. ती हसली नाही. माझ्या हाताकडे बघत राहिली, मग म्हणाली, "नखांतली माती धुऊन या, जेवायला बसू."