साडेसात ते साडेआठ

एस्बेन बॉर्नहोल्म बेटावर राहायला गेला त्याला तीन वर्षं झाली होती, तरी इंगेलीस रोज सकाळी साडेसातच्या ठोक्याला कचेरीत हजर असे. कोपनहेगनमधल्या त्या छोट्या जाहिरात कंपनीत बाकीची मंडळी साडेनऊशिवाय फिरकत नसत. तिथं एकाच टेबलाशी ती दोघं एकोणीस वर्षं समोरासमोर बसली होती. ती शब्द लिही, तो चित्रं काढी. नियम एस्बेननंच घातला होता : साडेसात ते साडेआठ, तिच्या वीस ओळी आणि त्याची वीस रेखाटनं. बरी-वाईट कशीही, पण वीस. आणि तासभर अवाक्षर काढायचं नाही. सुरुवातीला तिला तो तुरुंगवास वाटायचा. पुढंपुढं दिवसातला तेवढाच तास आपला वाटू लागला. का, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

साठी उलटली तसा एस्बेन म्हणाला, "बास आता. जन्मभर साबण आणि विमा विकला. यापुढं मनात येईल तेव्हा, मनात येईल ते काढीन." आणि गेला.

या वसंतात हेरिंग मासे बरण्यांत भरून विकणाऱ्या एका जुन्या कंपनीचं काम आलं. तरुण पोरं ते मासे खाईनाशी झाली होती.

"चित्रांसाठी एस्बेनला विचारून येते," इंगेलीस साहेबांना म्हणाली.

"फोन बंद पडलेत वाटतं?" साहेब मिश्कील हसले. तिचे कान लाल झाले.

बेटावर एस्बेन धक्क्याच्या वर, एका पिवळ्या घरात राहत होता. दार उघडून तो म्हणाला, "काय गं, पिकलीस की!"

"तू मोठा कोवळा राहिलास! आत घेणार आहेस का वाऱ्यात वाळवणार आहेस मला?"

खिडकीशी त्याचं टेबल होतं, समोर समुद्र. पेन्सिली ओळीनं मांडलेल्या, एकूण एक सुईसारख्या टोकदार. इंगेलीसनं एक उचलून टोक बघितलं. कचेरीत त्याच्या पेन्सिली कायम बोथट असत.

"किती काढलीस, तीन वर्षांत?"

त्यानं पावाच्या तुकड्याला उगीचच पुन्हा लोणी लावलं. "सात. त्यातली पाच फाडली."

"अरे!"

"रोज वाट बघतो. आज वारा फार आहे, उद्या उजेड बरा असेल. मनात येईल तेव्हा काढीन म्हणालो होतो ना? मनात काही येतच नाही. त्याला हाक मारल्याशिवाय यायची सवयच नाही, हे इथं येऊन कळलं."

'चल परत' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. तिनं ते गिळले.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसली. एस्बेन झोपेतून उठून आला. "हेरिंगवाल्यांनी वेठीला धरलंय का तुला?" मान वर न करता तिनं समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तो काही बसला नाही. त्यानं भांडी आपटत कॉफी केली आणि दार ओढून धक्क्यावर निघून गेला. तिनं मात्र वीस ओळी पुऱ्या केल्या.

तिसऱ्या सकाळी तो बसला. पहिला मासा चपलेसारखा झाला. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सतरावं चित्र त्यानं तिच्याकडे सरकवलं. त्यात एक म्हातारी बरणीतल्या माशांकडे बघत होती, जुन्या शेजाऱ्यांकडे बघावं तशी. साडेआठ वाजले.

"अठराच झाली," तो कुरकुरला.

"दोन उद्या काढ."

"उद्या तू नसशील."

"साडेसातला फोन लावून टेबलावर ठेवायचा. बोलायचं नाही, नुसतं बसायचं."

तसंच सुरू झालं. फोनमधून तिला पेन्सिलीची खरखर, त्याचं खोकणं, समुद्रपक्ष्यांची भांडणं ऐकू येत. हेरिंगवाल्यांनी म्हातारी नाकारली. त्यांना चकचकीत फोटो हवे होते. तिनं चाचरत ते सांगितलं, तर एस्बेन म्हणाला, "घेऊ देत फोटो. मी आता धक्क्यावरचे कोळी काढतोय, मला फुरसत कुठाय?" त्याचा आवाज इतका टवटवीत होता, की तिला आनंद झाला आणि त्याच्याच पाठोपाठ एकटंही वाटलं.

ऑक्टोबरात एकदा साडेआठला त्यानं विचारलं, "माझी वीस. तुझ्या?"

"एकोणीस."

"विसावीला काय झालं?"

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "मला तू समोर हवा आहेस, एस्बेन. आवाजावर भागत नाही."

पलीकडे पेन्सील खाली ठेवल्याचं तिला ऐकू आलं.

"मी शहरात परत येणार नाही गं."

"माहीत आहे."

"आणि तुझी नोकरी अजून दहा वर्षं."

"तेही माहीत आहे."

"मग शुक्रवारी ये," तो हळूच म्हणाला. "दोन दिवस तरी समोर बसू. मलाही कुठं भागतंय?"

तेव्हापासून ती पंधरवड्यातून एकदा बेटावर जाते. शनिवार-रविवारी तो तास दोघं जवळ बसून काढतात, गप्पच. रविवारी दुपारी एस्बेन तिला बोटीवर सोडायला येतो आणि बोट सुटली तरी लवकर हलत नाही. धक्का दिसेनासा होईपर्यंत ती कठड्याशी उभी राहते, आणि सोमवारचे साडेसात तिला फार लांब वाटतात.