दोघांसाठी लावलेली स्प्रिंग

माणसाच्या मनात काय चाललंय ते त्याच्या स्नोमोबाइलच्या मागच्या स्प्रिंगवरून ओळखता येतं, असा लॅपलँडमधल्या हाउकिनिएमी गावाचा गाढ विश्वास आहे. हिवाळाभर पाहण्यासारखं दुसरं काहीच नसल्यामुळे या विश्वासाला अजून कुणी धक्का लावलेला नाही.

त्यामुळे मार्चमध्ये वाल्तो केस्कितालोच्या बर्फावरच्या गाडीचं बूड चार बोटं वर आलेलं दिसलं, तेव्हा गावाला कळायचं ते कळलं. स्प्रिंग दोघांसाठी ताणलेली होती. आणि आई गेल्यापासून वाल्तो एकटाच राहत होता.

झालं होतं एवढंच, की दुकानातल्या फ्रीजपाशी हिल्का त्याला म्हणाली, "यंदा ईस्टरला मासेमारीच्या स्पर्धेला जावंसं वाटतंय. पण सरोवर ओलांडून जायचं कसं?"

वाल्तो म्हणाला, "हं."

हिल्का जरा थांबली आणि मग गोठवलेले वाटाणे घेऊन गेली. ती शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, नवरा वारलेला, राहायला पलीकडच्या काठावर. हाउकिनिएमीच्या मानानं हे बोलणं जवळजवळ उतावीळच म्हणायचं. हिल्काला आपल्या मागे बसवून न्यायचं, हे वाल्तोनं तिथेच, वाटाण्यांसमोर ठरवलं. तिला सांगायचं तेवढं राहिलं. आधी गाडी तर नीट व्हायला हवी.

तो रेइमाच्या गॅरेजात गेला. रेइमा गाड्या विकायचा, दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाइकाला फुकट कॉफी पाजून त्याच्या पोटातलं काढून घ्यायचा.

"गाडीखालचा पट्टा बदलायचाय."

"लांब दात्यांचा घे. जंगलातल्या भुसभुशीत बर्फात दरवर्षी रुततोस आणि मला फोन करतोस."

"नको. आखूड दात्यांचा, खिळे मारलेला दे."

"तो सरोवरावर ठीक आहे रे. जंगलात बसशील रडत."

"लांब दाते कडक बर्फावर थरथरतात. मागच्याच्या पाठीला त्रास होतो."

रेइमा कॉफी ओतता ओतता थांबला. "मागच्याच्या?"

"असलं कुणी तर."

"विचारलंस तिला?"

"कुणाला?"

"बरं," म्हणून रेइमानं उरलेली कॉफी ओतली.

खरी अडचण वजनाची होती. स्प्रिंगला ताण किती द्यायचा ते मागे बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं, आणि बाईला वजन विचारण्यापेक्षा वाल्तोनं पातळ बर्फावरून गाडी नेली असती. शेवटी त्यानं रेनडिअरच्या खाद्याचं पोतं घेतलं, डोळ्यांसमोर हिल्काला आणून त्यात थोडं भरलं, थोडं काढलं, आणि ते मागच्या सीटवर बांधलं.

पहिल्या फेरीत बूड खाली बसलं, पुढच्या स्की हलक्या झाल्या आणि हँडल वळवूनही गाडी सरळ लव्हाळ्यात घुसली. त्यानं स्प्रिंगचा ताण वाढवणारा ठोकळा एक खूण वर फिरवला. आता गाडी वळू लागली, पण उंचवट्यावर पोतं उडालं. मग शॉकअॅब्सॉर्बर थोडा मऊ केला. असं रोज. वळण आलं की तो "घट्ट धर" म्हणायचा. एकदा तर थांबून त्यानं मागे वळून विचारलं, "थंडी नाही ना वाजत?" पोतं काही बोललं नाही. त्याच्या घरातही कुणी काही बोलत नसे, त्यामुळे त्याला त्यात वावगं वाटलं नाही.

पेट्रोलपंपावर चर्चा झालीच.

"वाल्तोला कुणीतरी मिळालीय म्हणे."

"कोण?"

"पोतं."

"चला, तिच्या जेवणाची तरी काळजी नाही!"

पोतं उतरवलं की मात्र गाडी सूड घ्यायची. दोघांसाठी ताणलेली स्प्रिंग एकट्याला उसळवायची, भार पुढे आल्यानं हँडल दगडासारखं व्हायचं आणि घरी पोचेपर्यंत वाल्तोची कंबर धरायची. ठोकळा परत खाली फिरवणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. त्यानं फिरवला नाही.

ईस्टरच्या शनिवारी सकाळी त्यानं दुसरं हेल्मेट आतून पुसून घेतलं, मागच्या सीटवर रेनडिअरचं कातडं अंथरलं आणि उसळत उसळत सरोवर ओलांडलं.

हिल्का धक्क्यावरच उभी होती. डोक्याला हेल्मेट. शेजारी लालभडक नवी स्नोमोबाइल, हँडलवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं.

"अगदी देवासारखा आलास बघ, वाल्तो! रेइमानं काल आणून दिली. कुणी नेईल म्हणून किती दिवस वाट बघायची? म्हटलं, आपली आपण घ्यावी."

"हं."

"पण फार उसळते रे. रेइमा म्हणाला, स्प्रिंगचं वाल्तोला विचार, यंदा गावात त्याच्याइतका अभ्यास कुणाचा नाही. आणि दुसरं हेल्मेट कशाला आणलंस?"

"असावं एखादं."

तो पाना घेऊन बर्फात गुडघ्यावर बसला. "वजन किती तुझं?"

"एकसष्ट. कपडे धरून सत्तर धर."

वाल्तोचा अंदाज बरोबर होता.

"सामान?"

"थर्मास, गळ आणि बर्फाला भोक पाडायचं गिरमिट."

त्यानं पाना ठोकळ्याला लावला, पण फिरवला नाही. "आणि मागे कुणी बसणार असेल, तर तसा ताण द्यावा लागेल."

"मागे कोण बसणार? सीट एकाचीच आहे."

त्यानं मान वर करून पाहिलं. सीट एकाचीच होती.