जिराफाला भेटण्याची वेळ चार ते सहा

सूचना पाचवी. हीच सगळ्यांत आधी पोचली, कारण भाची शाळेच्या सहलीला डोंगरात होती आणि रेंज मिळेल तसे तिचे निरोप येत होते:

"मावशी, काहीही कर, पण गेट बंद करू नकोस!"

मावशीने गेट सकाळीच बंद केलं होतं.

थांबा, आधी ओळख. मावशी प्रसूतिगृहातली मुख्य परिचारिका. ती वॉर्डात शिरली की नातेवाईकच काय, पंखेसुद्धा बेताने फिरत. प्राणिसंग्रहालय भाचीचं, कॉम्प्युटरवरच्या खेळातलं. त्याला प्रेक्षकांच्या पसंतीचे तारे मिळत; ते संपले की खेळ संपणार आणि लंबू, म्हणजे भाचीने पिल्लू असल्यापासून वाढवलेली जिराफाची मादी, कायमची जाणार. भाची हे सगळं दादावर सोपवून निघाली होती. "दादा कशाला? मी काय मेले?" असं मावशीच बोलून बसली.

सूचना पहिली, उशिराने: "सुरुवातीला छोटे प्राणी घे. मोठ्यांच्या नादी लागू नकोस."

पाणघोडा तोवर येऊन डुंबतही होता.

"तीन तारे होते, एकच उरलाय," दादा खुर्चीमागून म्हणाला. "बाहेर लोक पाय आपटतायत बघ."

"आपटू देत. भेटायची वेळ चार ते सहा."

"मावशी, हा दवाखाना नाही!"

"लंबूकडे बघ. खात नाही, कोपरा सोडत नाही, सारखी मागे वळून बघतेय. दिवस भरत आलेत तिचे."

"गॅस झाला असेल."

"सगळे नवरे हेच म्हणतात."

सूचना तिसरी: "बाकं ठेव, स्वच्छतागृहं ठेव, रस्ते..."

इथे आवाज तुटला, आणि चौथी सूचना तर डोंगरातच राहिली. पण हे मावशीला शिकवायला नको होतं. ताटकळणाऱ्या माणसाला टेकायला जागा आणि जायला जागा लागते, हे पाहण्यातच तिची अख्खी हयात गेली होती. बाकं तर इतकी झाली होती की दादा म्हणाला, "लग्न आहे का इथे?"

सूचना दुसरी: "लंबूला गर्दी सोसत नाही गं. दोनदा पिल्लू होता होता राहिलं."

शेवटचा तारा लाल होऊन लुकलुकायला लागला. गेट उघडावं तर लंबू बिथरणार, न उघडावं तर सगळंच आटोपणार. मावशीने पदर खोचला.

"वॉर्डात आपण काय करतो?"

"मला काय माहीत?"

"पडदा ओढतो!"

तिने लंबूभोवती दाट झाडं लावली. तिकडे जाणारा रस्ता उखडला आणि सरळ पाणघोड्याकडे वळवला. मग गेट उघडलं. माणसं लोंढ्याने आत आली, बाकांवर ऐसपैस बसली, पाणघोड्याच्या जांभईला टाळ्या पडल्या. तारा लुकलुकायचा थांबला. थोड्या वेळाने शेजारी दुसरा उगवला.

"त्या ढोल्याने वाचवलं तुला," दादा म्हणाला.

"हळू बोल," मावशी म्हणाली. झाडांआड काहीतरी लटपटत उभं राहत होतं. नुसते पायच पाय.

तेवढ्यात भाचीचा फोन. "मावशी, गेट?"

"उघडं आहे."

"लंबू?"

"बाळ-बाळंतीण सुखरूप."

पलीकडून अशी किंकाळी आली की सहलीच्या बाई धावत आल्याचं इकडे ऐकू आलं.

"मला बघायचंय! फोटो पाठव, आत्ताच्या आत्ता!"

मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चार वाजू देत."