बक्षी सरांचा झार

"सर, या वाक्यावर लाल रेघ का मारली तुम्ही? गलत थोडी आहे हे!"

ऋचाने उत्तरपत्रिका टेबलावरून पुढे सरकवली. हिंदी माध्यमाच्या त्या कॉलेजात आज पेपर दाखवण्याचा दिवस होता. मुलांनी आपापले पेपर बघायचे, शंका असेल तर चारच्या आत मांडायची. चारनंतर गुण कायम. श्रीपाद बक्षी सकाळपासून इतिहासाच्या वर्गात बसले होते आणि अजून एकाही पोराने शंका काढली नव्हती. त्यांच्यापुढे कोणी काढतही नसे.

प्रश्न त्यांच्या खास आवडीचा होता: झार तिसरा अलेक्झांडर, त्याचे अंतर्गत आणि परराष्ट्र धोरण. अठ्ठावीस वर्षे ते हा झार शिकवत आले होते, म्हणजे तोंडी सांगून स्वल्पविरामासकट उतरवून देत आले होते. वृत्तपत्रांवर पहारा, विद्यापीठांच्या स्वायत्ततेला कात्री, खेड्यांवर सरदार घराण्यांतल्या अधिकाऱ्यांचा अंमल, बिगररशियनांवर रशियन भाषेची सक्ती. या झाराला उलट प्रश्न खपत नसत. सरांनाही खपत नसत, पण तसे तोंडावर सांगणार कोण? देवास गेटच्या झेरॉक्सवाल्याकडे 'बक्षी सर के नोट्स' मागितले की तो मान वर न करता गठ्ठा काढून देई.

"वाच बघू," ते म्हणाले.

"अठराशे नव्वदमध्ये जर्मनीने रशियाबरोबरचा गुप्त करार वाढवायला नकार दिला, म्हणून झार फ्रान्सकडे वळला."

"नकार झारने दिला. नोट्समध्ये काय लिहिलंय?"

"नोट्समध्ये तुम्ही म्हणता तसंच आहे सर. पण लायब्ररीच्या किताबात उलटं आहे." तिने पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढले. "एक बार बघून घ्या ना. मला सव्वीस आहेत, अठ्ठावीसला पास. बुखार होता, तीनच प्रश्न झाले माझे. फेल झाले तर बी.एड.ची सीट जाईल. बाबा आताच म्हणतायत, बस झालं शिक्षण."

सरांनी चष्मा चढवला आणि पान दोनदा वाचले. झार करार पुढे चालवायला तयार होता. हात झटकले होते ते बर्लिनने.

त्यांची कानशिले तापली. नोट्समधले ते वाक्य त्यांना त्यांचे गुरू भय्यासाहेब यांनी उतरवून दिले होते, याच वर्गात. गुरूंचे सांगणे पडताळून बघणे म्हणजे गुरूंवर अविश्वास दाखवणे, असे त्यांनी जन्मभर मानले. त्या एका चुकीच्या वाक्यावर किती मुले त्यांच्या हातून भरघोस गुण घेऊन गेली असतील! शिवाय दुरुस्तीच्या फॉर्मवर कारण लिहावे लागे, आणि तो फॉर्म प्राचार्यांच्या टेबलावर जाई. निवृत्तीला महिना राहिला होता. 'बघतो' म्हणून पोरीला वाटेला लावणे सोपे होते. चाराला वीसच मिनिटे कमी होती.

ऋचा तशीच उभी होती. सरांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी फॉर्म ओढला आणि कारणाच्या रकान्यात लिहिले, 'परीक्षक की भूल. छात्रा का उत्तर सही है.' सव्विसाचे बत्तीस केले आणि सही ठोकली.

"धाव. चाराच्या आत ऑफिसात दे."

ती वाकू लागली तसे ते म्हणाले, "पाया पडत बसू नकोस गं, जा!"

ती गेली. पण सरांना बसवेना. वर्गात अजून तीसेक मुले पेपर चाळत होती, आणि सगळ्यांच्या पेपरात नोट्समधले तेच चुकीचे वाक्य होते. ते उठून फळ्यापाशी गेले.

"एक मिनट सब लोग. अलेक्झांडर तृतीय में एक सुधार है."

तीस पेने उघडली.

"संधि बढ़ाने से जर्मनी ने मना किया था, ज़ार ने नहीं." सरांनी चष्मा काढून हातात धरला. "यह बात मैं अट्ठाईस साल से गलत लिखवा रहा हूँ. किताब में सही थी. मैंने कभी खोलकर देखा नहीं."

आता कोणीतरी मान वर करील, निदान चिडेल, म्हणून ते वाट बघत राहिले. वर्गात पेनांची खरखर तेवढी ऐकू येत होती.

"सर, थोड़ा धीरे," तिसऱ्या बाकावरून रोहन म्हणाला. "'अट्ठाईस साल से', उसके आगे?"