भाड्याचं तोंड

मित्रांनो, रंगकामाचे ब्रश बनवणाऱ्या एका कारखान्यातलं मी जुनं, लांबलचक टेबल आहे. थोरल्या मालकांनी मला सागवानातून घडवून घेतलं. बैठकीच्या खोलीत मला नेताना दाराची चौकट काढावी लागली होती. मालकांची थोरली मुलगी, म्हणजे ताई, आणि धाकटा मुलगा माझ्याभोवती भांडत, रुसत आणि दुपारी एकाच डब्यातून जेवत. पुढे मालक गेले. कारभार मुलाच्या हाती आला आणि ब्रशचे केस हाताने बांधण्याचा विभाग ताई सांभाळू लागली. मला रोज पुसलं जाई. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग सल्लागार आले. बूट आरशासारखे, भाषा त्याहून गुळगुळीत. गरम कॉफीचे कप ते थेट माझ्या अंगावर ठेवत. ब्रश कसा बनतो हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती. काय करावं, हे ते सकाळी अधिकाऱ्यांना विचारत आणि दुपारी तेच रंगीत चौकटीत घालून त्यांनाच दाखवत. अधिकारीही माना डोलवत, जणू पहिल्यांदाच ऐकत आहेत! नावडती कामं परस्पर उरकणार, म्हणून ते खूश होते. बँकेच्या साहेबांनी तर अहवाल उघडलाही नाही. सल्लागारांच्या कंपनीचं नाव वाचूनच ते 'उत्तम' म्हणाले. कामगार सल्लागारांना 'अत्तरवाले' म्हणत, कारण ते गेल्यावर मागे नुसता वास उरे. धाकटे मालक मात्र त्यांचा शब्द खाली पडू देत नसत. मला ती श्रद्धा वाटायची.

शेवटच्या बैठकीत पडद्यावर अक्षरं उमटली: हातबांधणी विभाग बंद करावा. ताई समोरच बसली होती. सल्लागारांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती भावाला म्हणाली, "मी नकोशी झाले होते, तर घरी येऊन सांगायचंस. त्यासाठी भाड्याचं तोंड कशाला आणलंस?"

"ताई, हे तज्ज्ञांचं मत आहे," तो कसाबसा म्हणाला.

तज्ज्ञाने घसा खाकरला आणि पडद्यावर पुढचं चित्र लावलं. त्याचं कौशल्य तेवढंच.

विभाग बंद झाला. त्यातल्या बायकांना घेऊन ताईने दुसरीकडे काम सुरू केलं. बहीणभावाचं बोलणं तुटलं. सल्लागार नव्या गिऱ्हाइकाकडे गेले. बैठकीच्या खोलीत काचेचं टेबल आलं आणि माझी रवानगी गोदामात झाली. तिथे माझ्यावर फुटके डबे रचले गेले.

एका दुपारी धाकटे मालक एकटेच गोदामात आले. डबे बाजूला सारून माझ्यापाशी बसले आणि त्यांनी फोन लावला.

"ताई, विभाग बंद करायचं मीच ठरवलं होतं. ते लोक यायच्या आधीच. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

मग त्या सामसूम गोदामात ताईचा आवाज मलाही ऐकू आला. "ते मला तेव्हाच कळलं होतं. तू कधी बोलतोस, याची वाट बघत होते."

ती कारखान्यात परतली नाही. पण तिने फोनही ठेवला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाला अधूनमधून तेलाचा हात मिळाला तरी पुरतो. माणसांचं तेवढ्यावर भागत नाही. आपल्या माणसाला कडू सांगायची वेळ आली, तर त्याच्यासमोर बसा आणि स्वतः सांगा.